आपली गाडी आपल्याला वाचता यायला हवी

नव्या गाड्यांत कंपनीनं बंद ठेवलेल्या सोयी घरच्या घरी कोडिंग करून सुरू करायच्या, ही हौस आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. स्टिअरिंगखालच्या सॉकेटात एक छोटं उपकरण लावायचं, मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर ॲप उघडायचं आणि कामाला लागायचं. किल्लीचं बटण दाबून धरलं की चारही काचा खाली याव्यात, इग्निशन देताच मीटरचे काटे टोकापर्यंत जाऊन परत यावेत, ठरावीक वेगाला दारं आपोआप लॉक व्हावीत, अशी ही कामं. छत्रपती संभाजीनगरात हा विषय निघाला की सरळ दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, कंपनीनं आपल्याच पैशाच्या वस्तू दडवून ठेवल्यात, त्या फुकटात काढून घ्या. दुसऱ्याचं म्हणणं, हे सगळे रिकामटेकडे उद्योग आहेत. वॉरंटी जाईल, गाडी बंद पडेल, हात लावू नका.

मला ही दोन्ही मतं उथळ वाटतात. दोन्ही तट गाडीकडे सोयींची यादी म्हणून बघतात आणि भांडण एवढंच राहतं की यादीतली आणखी एक ओळ मिळवावी की नाही. खरा प्रश्न मालकीचा आहे. आजची गाडी कशी वागेल हे तिच्या लोखंडाइतकंच तिच्यात नोंदलेल्या सेटिंगवर ठरतं. म्हणून माझं म्हणणं असं : हे सेटिंग वाचण्याचा हक्क मालकाला विनाअट हवा, ते बदलण्याचा हक्क धोका कुणाच्या वाट्याला येतो ते पाहून कमी-जास्त असावा, आणि केलेला प्रत्येक बदल नोंदलेला असावा. क्रमही हाच. आज आपण नेमके उलटे चाललो आहोत. वाचायचं कुणी शिकत नाही आणि बदलायची सगळ्यांना घाई आहे.

हा विचार या शहरानं करावा याला कारण आहे. २००१ पासून शेंद्र्याच्या कारखान्यात स्कोडाच्या गाड्या जोडल्या जात आहेत. ऑडीही इथंच जोडली जाते. ऑक्टोबर २०१० मध्ये याच शहरातल्या लोकांनी एकत्र येऊन एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेतल्या आणि देशभर त्याची बातमी झाली. गाड्या जोडणारे हात इथले, हौसेनं घेणारेही इथले. पण गाडीच्या आतलं सेटिंग समजून घ्यायची वेळ आली की आपण सगळे डीलरच्या काउंटरसमोर सारखेच हतबल असतो.

१. सोय बंद का असते?

आजच्या गाडीत इंजिन, ब्रेक, दिवे, मीटर, एअरबॅग या प्रत्येकाला स्वतंत्र कंट्रोल मॉड्यूल असतं, आणि ही मॉड्यूलं कॅन नावाच्या जाळ्यावरून एकमेकांशी बोलतात. बॉश कंपनीनं हे जाळं १९८६ मध्ये जगापुढे आणलं. एकच मॉड्यूल चेक प्रजासत्ताकातल्या गाडीत, चीनमधल्या गाडीत आणि आपल्याकडच्या गाडीत बसतं. देशागणिक वेगळं मॉड्यूल बनवणं परवडत नाही. म्हणून मॉड्यूल एकच बनवतात आणि ही गाडी कोणत्या देशाची, कोणत्या व्हेरिएंटची, तिच्यात कोणते सुटे भाग आहेत, ते कारखान्यात त्याच्यात नोंदवतात. ही नोंद म्हणजेच कोडिंग. युरोपात फेब्रुवारी २०११ पासून नव्या मॉडेलना दिवसा जळणारे दिवे सक्तीचे झाले. आपल्याकडे मोटारींना तशी सक्ती नाही. त्यामुळे तेच दिव्यांचं मॉड्यूल तिकडे एका तऱ्हेनं कोड होतं आणि इकडे दुसऱ्या.

फोक्सवॅगन-स्कोडा घराण्याच्या गाडीत हे प्रत्यक्ष कसं दिसतं, ते जवळून बघण्यासारखं आहे. पेनसिल्व्हेनियाच्या रॉस-टेक कंपनीचं व्हीसीडीएस किंवा लिथुआनियाचं ओबीडी-इलेव्हन, यांपैकी कोणतंही उपकरण लावलं तरी मॉड्यूलांची क्रमवार यादी येते. ०९ नंबरला दिवे, काचा, वायपर सांभाळणारं मॉड्यूल. १७ नंबरला मीटर. मॉड्यूल उघडून ‘लाँग कोडिंग’वर गेलं की आकड्या-अक्षरांची लांबच लांब ओळ दिसते. तिच्यातली प्रत्येक जोडी म्हणजे एक बाइट, एका बाइटमध्ये आठ बिट, आणि प्रत्येक बिट शून्य किंवा एक. मीटरच्या काट्यांची ती फेरी म्हणजे १७ नंबरमधल्या एका बाइटमधला एक बिट शून्याचा एक करणं, बस्स. काही मॉड्यूलं आधी पाच आकडी सिक्युरिटी कोड मागतात. जाणता माणूस काहीही लिहिण्याआधी सगळ्या मॉड्यूलांचा स्कॅन काढून जुनी ओळ जशीच्या तशी जपून ठेवतो आणि काम लांबणार असेल तर बॅटरीला चार्जर लावतो. अजाण माणूस स्वस्तातली नकली केबल लावतो, दुसऱ्याच्या गाडीचा स्क्रीनशॉट बघून अख्खी ओळ उतरवतो आणि मग एअरबॅगचा दिवा का लागला म्हणून विचारत फिरतो.

इथं एक भेद नीट करायला हवा, कारण गॅरेजात तीन वेगळी कामं एकाच नावाखाली खपवली जातात. कोडिंगमध्ये कंपनीनंच लिहून ठेवलेल्या पर्यायांतला एक निवडायचा असतो. अडॅप्टेशनमध्ये एखादी किंमत बदलायची असते, उदाहरणार्थ दारं किती वेगाला लॉक व्हावीत. आणि रिमॅपमध्ये इंजिनाच्या मॉड्यूलमधला मजकूरच पुसून दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला बसवायचा असतो. पहिल्या दोन कामांत आपण कंपनीनं आखलेल्या अंगणातच राहतो. तिसऱ्यात कुंपण ओलांडतो.

एवढं कळलं की पहिल्या तटाचं ‘लपवलं, लुटलं’ बरंचसं पोकळ ठरतं. मागे धुक्याचे दिवे बसवलेलेच नसतील तर कोणताही बिट ते उगवून आणणार नाही. पुष्कळ सोयी देशोदेशींच्या नियमांमुळे बंद असतात. काही मात्र खरोखरच महागडं व्हेरिएंट उठून दिसावं म्हणून बंद ठेवलेल्या असतात. कोणती कशामुळे बंद आहे, हे ओळ वाचल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून वाचण्याचा हक्क आधी.

२. खरं लपवणं कुणाचं होतं?

‘सामान्य माणसानं गाडीच्या सॉफ्टवेअरला हात लावला तर प्रदूषण वाढेल, सुरक्षितता जाईल’ हा दुसऱ्या तटाचा सगळ्यात वजनदार मुद्दा. तो खोटा नाही. पण २०१५ साली काय झालं ते त्याच्या शेजारी ठेवून बघा.

अमेरिकेत कॉपीराइट कायद्यानुसार गाडीच्या सॉफ्टवेअरचं कुलूप उघडणं मालकालाही गुन्हा ठरत होतं. दुरुस्तीसाठी आणि अभ्यासासाठी सूट द्यावी अशी मागणी झाली. जुलै २०१५ मध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं लेखी विरोध केला : मालकांना मोकळीक दिली तर ते उत्सर्जनाच्या यंत्रणेशी छेडछाड करतील. त्याच संस्थेनं १८ सप्टेंबर २०१५ रोजी फोक्सवॅगनला नोटीस बजावली. कारण कंपनीनंच डिझेल इंजिनांच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी तजवीज केली होती की गाडी चाचणीच्या रोलरवर आहे हे तिला ओळखता यावं, तेवढ्यापुरतं उत्सर्जन कमी दाखवावं आणि रस्त्यावर आली की नायट्रोजन ऑक्साइड मोकाट सोडावेत. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही तजवीज होती. छेडछाड झाली होती, पण ती करणारा कुणी हौशी मालक नव्हता.

ती पकडली कुणी? वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या अभ्यासकांनी, गाडीच्या मागे मोजणी यंत्र बांधून ती रस्त्यावर चालवल्यावर. पुढे स्वतंत्र संशोधकांनी मॉड्यूलमधला मजकूर बाहेर काढून ती तजवीज नेमकी कुठं लिहिली आहे ते दाखवलं. म्हणजे बाहेरच्या माणसाला वाचता आलं म्हणून सत्य उघडं पडलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये अमेरिकेत ती सूट अखेर मंजूर झाली.

याची झळ आपल्यापर्यंत आली. डिसेंबर २०१५ मध्ये भारतात ३,२३,७०० गाड्या परत बोलवायचं जाहीर झालं. त्यांत ८८,७०० स्कोडाच्या आणि ३६,५०० ऑडीच्या होत्या. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं फोक्सवॅगनला ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. या गाड्यांवरचा उपाय काय होता? प्रामुख्यानं नवं सॉफ्टवेअर. मालक गाडी सर्व्हिस सेंटरला सोडणार, मॉड्यूलमध्ये काहीतरी भरलं जाणार, मालक गाडी घेऊन घरी जाणार. आधी काय होतं, नंतर काय झालं, मायलेजवर काय परिणाम होणार, हे वाचायची त्याच्यापाशी काहीच सोय नव्हती. ज्या कंपनीनं एकदा विश्वास मोडला तिच्याच शब्दावर पुन्हा विश्वास ठेवायचा, याला मी मालकी म्हणणार नाही.

३. कुलपाची किल्ली कुणाकडे?

जुन्या स्कोडा ऑक्टाव्हियात पाच आकडी कोड कुठंतरी सापडायचा. २०२० च्या आसपास आलेल्या आठव्या पिढीच्या गोल्फ आणि चौथ्या पिढीच्या ऑक्टाव्हियापासून चित्र बदललं. आता अनेक मॉड्यूलांत लिहायचं तर कंपनीच्या सर्व्हरकडून ऑनलाइन परवानगी यावी लागते. गाडी मालकाच्या नावावर, हप्ते मालक भरतो आणि किल्ली जर्मनीतल्या सर्व्हरवर.

एकदा किल्ली सर्व्हरवर गेली की तिचं भाडं घेता येतं. बीएमडब्ल्यूनं २०२२ मध्ये काही देशांत, गाडीत आधीच बसवलेल्या सीट-हीटरसाठी महिन्याला पैसे घ्यायला सुरुवात केली. लोक खवळले आणि पुढच्या वर्षी कंपनीनं माघार घेतली. मराठवाड्यातल्या उन्हात सीट गरम करायची गरज कुणालाच नाही, पण तत्त्व आपल्यालाही लागू आहे : वायर, कॉइल, स्विच सगळं मालकाच्या गाडीत, त्याचं वजन मालकाच्या पेट्रोलवर, आणि वापर मात्र भाड्यानं.

हा श्रीमंतांचा प्रश्न आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी दुचाकीकडे बघावं. एथर कंपनीची ४५०एक्स स्कूटर २०२३ पासून ‘प्रो पॅक’सह आणि त्याशिवाय अशी दोन तऱ्हांनी विकली जाऊ लागली, गाडी तीच, पण बऱ्याच सोयी पॅकचे वेगळे पैसे दिल्यावरच उघडतात. २०२४ मध्ये याच कंपनीनं आपला कारखाना ऑरिकमध्ये, म्हणजे आपल्या शेजारी बिडकीनला उभारायचं जाहीर केलं. ट्रॅक्टरही त्याच वाटेनं निघाले आहेत. अमेरिकेतले शेतकरी सॉफ्टवेअरच्या कुलपामुळे ऐन सुगीत डीलरची वाट बघत बसले आणि तिथं दुरुस्तीच्या हक्काची चळवळ उभी राहिली. आज स्कोडावाल्याचा वाटणारा प्रश्न उद्या पैठण-गंगापूरच्या शेतकऱ्याचा असेल. तेव्हा विचार करायला बसलो तर उशीर झालेला असेल.

आपल्या देशात याची जाण नाही असं नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. त्यांत स्कोडा आणि फोक्सवॅगनही होत्या. आरोप असा की सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं या कंपन्या खुल्या बाजारात, स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालता येणार नाही, असंही आयोगानं बजावलं. पुढे अपिलं झाली, दंडाच्या रकमेवर वाद झाले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेती अवजारं आणि वाहनं तिच्या यादीत होती. पुढे एक पोर्टल निघालं. सक्तीचा कायदा मात्र झाला नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये असा कायदा झाला आणि मतदारांनीही त्याच्या बाजूनं प्रचंड कौल दिला. तो आपल्याला अशक्य का वाटावा?

४. बदलाची हद्द

आता दुसरं पाऊल. वाचण्याचा हक्क विनाअट म्हणताना बदलण्याचा हक्कही तसाच मोकाट असावा असं मी म्हणत नाही. कसोटी सोपी आहे : चूक झाली तर भोगणार कोण?

काट्यांची फेरी, काचा, घरी पोचल्यावर काही सेकंद जळत राहणारे दिवे यांत चूक झाली तर भोगणार मालक. तिथं कुणाची परवानगी लागू नये. रिमॅपमध्ये धूर रस्त्यावरचे सगळे भोगतात, आणि डिझेलचा फिल्टर सॉफ्टवेअरमधून बंद करून देणारा माणूस तर दुसऱ्याच्या फुफ्फुसांवर आपली हौस भागवतो. त्याला मनाईच हवी. ब्रेक, एअरबॅग, स्टिअरिंग या मॉड्यूलांत प्रशिक्षित हातांनीच लिहावं. मग ते डीलरचे असोत की स्वतंत्र गॅरेजातले.

अवघड जागा मधली आहे, आणि तिथं मी थोडा जास्त थांबेन. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत वेगाची सूचना सक्तीची झाली : ८० च्या पुढे मधूनमधून बीप, १२० च्या पुढे सलग. आपल्या शहराजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मुभा आहे. म्हणजे कायदा पाळून नागपूरकडे निघालेल्या माणसालाही गाडी तासन्‌तास टोकत राहते. ही सूचना कोडिंगनं बंद करून देणारे आहेत, आणि त्यांच्याकडे जाणाऱ्याची चीड मला समजते. सतत वाजणाऱ्या इशाऱ्याकडे कान दुर्लक्ष करायला शिकतात. मग १२० च्या पुढचा खरा इशाराही कानाआड जातो. तरीही ती गुपचूप बंद करायला माझा पाठिंबा नाही. वेगाचा धोका समोरून येणाऱ्याच्याही वाट्याला येतो आणि नियम सगळ्यांसाठी केलेला आहे. नियम रस्ता ओळखत नाही हा त्यातला दोष आहे, तर तो दोष उघडपणे मांडून नियम बदलून घ्यावा. गाडीला नकाशावरून रस्त्याची वेगमर्यादा आज कळू शकते.

सीट बेल्टच्या घंटीबाबत तर मला शंकाच नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला. मागच्या सीटवर बेल्ट न लावलेले दोघे गेले. त्यानंतर मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ही घंटी बंद पाडणाऱ्या क्लिप विकू नका म्हणून पाच ऑनलाइन कंपन्यांना आदेश दिले. क्लिप हातात दिसते म्हणून तिच्यावर बंदी आली. तेच काम एक बिट करतो आणि तो कुणाला दिसत नाही. कोडिंग करून देणाऱ्यानं ही घंटी बंद करायला साफ नकार द्यावा. आपल्या विद्येची इज्जत त्याला राखायची असेल तर हे त्यानं स्वतःहून केलं पाहिजे.

५. उरलेले आक्षेप

कायद्याचा आक्षेप नेहमी येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांचा हवाला देऊन सांगतात की गाडीत काहीही बदललं की गुन्हा. कलम नीट वाचावं. आरसीवरचे तपशील कंपनीनं मूळ दिलेल्या तपशिलांशी जुळेनासे होतील असा बदल करू नका, असं ते सांगतं. इंजिन, इंधन, आसनं, वजन यांना काट्यांच्या फेरीनं काही होत नाही. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ तर कायदेशीरपणे हाती आलेल्या प्रोग्रामचं काम कसं चालतं ते पाहण्याची, अभ्यासण्याची मुभा देतं. वाचण्याच्या हक्काला आधार हवा असेल तर तो इथंच आहे.

सायबर सुरक्षेचा आक्षेप खरा आहे. २०१५ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी चालती जीप दुरून इंटरनेटवरून ताब्यात घेऊन दाखवली आणि १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पण दुरून येणाऱ्या चोराला अडवणं आणि किल्ली हातात घेऊन स्वतःच्या गाडीत बसलेल्या मालकाला अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यासाठी कुलूप कितीही पक्कं करा. दुसऱ्यासाठी मालकाची ओळख पटवून किल्ली त्याच्या हाती द्या. बँका हे रोज करतात.

वॉरंटीचा आक्षेप मी थोडक्यात उरकतो. दिव्यांच्या मॉड्यूलमधल्या बिटानं टर्बो जळत नाही. बदलानं बिघाड झाला हे दाखवायची जबाबदारी कंपनीची असावी, आणि मालकानं बदल लपवू नये.

६. नोंद

लपवू नये, हे बोलायला सोपं आहे. आज लपवल्याशिवाय गत्यंतरच ठेवलेलं नाही. सर्व्हिसला जाण्याआधी लोक सगळं कोडिंग मूळपदावर आणतात आणि गाडी परत आली की पुन्हा घालतात. यात डीलरचा मेकॅनिकही फसतो. जुन्या गाडीच्या बाजारात तर याहून वाईट. जालना रोडवर एखादी सेकंड हँड स्कोडा सुपर्ब बघायला गेलात तर पेंट, टायर, किलोमीटर सगळं तपासलं जातं. आधीच्या मालकानं एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये काय लिहिलं आहे, हे विचारायचं कुणाच्या ध्यानातही येत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. गाडीची डिलिव्हरी देताना इन्व्हॉइस आणि विम्याबरोबर सगळ्या मॉड्यूलांच्या मूळ कोडिंगची छापील प्रत मालकाला द्यावी. सर्व्हिस सेंटरनं सॉफ्टवेअर बदललं तर आधीची आणि नंतरची ओळ जॉब कार्डवर लिहावी. बाहेर कोडिंग करणाऱ्यानंही तारीख, मॉड्यूल, जुनी ओळ, नवी ओळ आणि सही अशी नोंद द्यावी, आणि गाडी विकताना ती फाइल गाडीबरोबर जावी. आणि शहरातल्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना बोअर मोजायला शिकवतात तसं ही ओळ वाचायला शिकवावं. शेंद्रा, वाळूज, चिकलठाणा ही नावं असलेल्या शहरात यासाठी ना गाड्या कमी पडतील, ना शिकवणारी माणसं. पहिली ओळ मुलांनी फळ्यावर लिहून, तिच्यातला कोणता बिट कुणाच्या जिवाशी संबंधित आहे, यावर वर्गात वाद घालावा.